पंधरा टक्क्यांची सूट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काटेबाईने झोपलेल्या नवऱ्याच्या बोटात सुई टोचली.

तो ओरडत उठला. लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाचा पाय झोपेतही ब्रेक शोधतो. त्याने तो पलंगाच्या लाकडावर आपटला, आणि मग आधी हाताचं बोट धरावं की पायाचा अंगठा हे त्याला कळेना.

"हलू नकोस, थेंब सांडेल," ती म्हणाली.

"काय करतेयस तू?"

"साखरेचं मशीन तपासतेय. तू निरोगी आहेस. नमुना म्हणून चालशील."

"चला, लग्नानंतर पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडलो."

तिने पट्टी त्याच्या रक्ताला लावली. यंत्राने पाच सेकंद विचार केला आणि अठ्ठ्याऐंशी असा आकडा दाखवला. थोड्या वेळापूर्वी त्याच यंत्राने तिला स्वतःला एकशे अकरा दाखवले होते.

"पास की नापास?" त्याने विचारलं.

"तू पास. मशीनही पास, बहुतेक." ती पलंगाच्या कडेवर बसली. सातव्या महिन्यातलं बसणं ते. आधी पोट टेकवायचं, मग बाकीची बाई. "तीच तर पंचाईत आहे."

काटेबाई हे तिचं खरं नाव नव्हतं. ती सरकारी वजनमाप खात्यात निरीक्षक होती. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खरे असतील त्यांना शिशाचं सील ठोकायचं, खोटे असतील ते जप्त करायचे. हे नाव तिला बाजाराने ठेवलं होतं, आणि तिच्यासमोर घ्यायची हिंमत फक्त नवऱ्यात होती. किलोमागे चार ग्रॅम मारणाऱ्याला ती दारातूनच ओळखते अशी तिची ख्याती होती. ही ख्याती पसरवण्यात तिचाही थोडा हात होता.

अशा बाईला डॉक्टरांनी तपासणीसाठी साखरेचं पाणी पाजलं, तीनदा रक्त काढलं आणि सांगितलं, की तुम्हाला गरोदरपणातला मधुमेह झालाय.

डॉक्टर नीट समजावून सांगणाऱ्या होत्या. वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, या दिवसांत काही हार्मोन सोडते. त्यामुळे आईचं इन्सुलिन बोथट होतं. साखर आईच्या स्नायूंत न शिरता रक्तात रेंगाळते आणि बाळाच्या वाट्याला जास्त येते. हे प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत होतं, त्यात वावगं काही नाही. बहुतेकींचं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन काढून हिशेब जुळवून घेतं.

"तुमचं तेवढं काढत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे मापात कमी भरतंय," ती म्हणाली.

"तसं म्हणा हवं तर."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण सगळी नोकरी हे एकच वाक्य दुसऱ्यांना ऐकवण्यात गेल्यामुळे तोंडातून दुसरं काही निघेना.

पुढे डॉक्टर म्हणाल्या, आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच इन्सुलिन वाढवतं आणि आलेली साखर चरबी करून पोटावर, खांद्यांवर साठवतं. खांदे रुंद झाले की बाळंतपण अवघड जातं. शिवाय जन्मल्यावर नाळ कापली की साखर एकदम बंद होते. बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच राहतं. मग त्याची साखर झपकन खाली येऊ शकते.

"झपकन म्हणजे किती?" तिने विचारलं.

"त्यावर आम्ही लक्ष ठेवतो. तुम्ही सध्या सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर ठेवा. पंचाण्णवच्या खाली हवा. दोन आठवडे खाणं सांभाळा, चाला. नाहीच आला, तर इन्सुलिन सुरू करू."

नाळ कापल्यावरचं ते वाक्य काटेबाईच्या डोक्यातून गेलं नाही. एवढासा जीव, बाहेर येतो आणि पहिल्याच तासात त्याचा पुरवठा तुटतो, आणि मग त्याची साखर का घसरली याचं उत्तर आई. दुसरी एखादी बाई अशा वेळी रडली असती, किंवा आईला फोन केला असता. काटेबाईने यंत्रावर संशय घेतला. संशय घेण्याचा तिला पगार मिळत होता आणि दुसरं काही तिला फारसं येतही नव्हतं.

नवऱ्यानंतर सासूबाईंचा नंबर लागला.

"मला नको बाई, मला भीती वाटते," म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. आकडा आला ब्याण्णव. त्या दिवसापासून सासूबाई फोनवर प्रत्येकाला सांगू लागल्या, "माझं ब्याण्णव निघालं हो, या वयात! सुनेचं एकशे अकरा. आजकालच्या मुलींचं हे असंच." काटेबाई आतल्या खोलीतून ऐकत असे आणि आपणच हे प्रमाणपत्र घरपोच दिलंय हे आठवून गप्प बसे.

खाणं तिने सांभाळलं. भाताची वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली, फळाच्या फोडी मोजल्या, जेवल्यावर गच्चीवर फेऱ्या मारल्या. जेवणानंतरचे आकडे शहाण्यासारखे खाली आले. सकाळचा मात्र हटेना. एकशे नऊ. एकशे सात. पुन्हा एकशे अकरा.

"मी झोपलेय," ती नवऱ्याला म्हणाली. "तोंड बंद आहे. पोटात काही जात नाहीये. मग ही साखर येते कुठून?"

"डॉक्टरांना विचार."

"विचारीन. आधी आपल्या बाजूने खात्री करते."

खात्री करण्याची काटेबाईची पद्धत एकच होती. तिने ऑफिसच्या बॅगेतून तार, शिशाची गोळी आणि पक्कड काढली आणि बिस्किटांच्या डब्याला सरकारी सील ठोकलं. आपण झोपेत चालत जाऊन खात असू, असा तिचा तर्क होता. तर्क तिला तेव्हा अतिशय शास्त्रीय वाटला.

सकाळी आधी सासूबाईंचा आवाज आला.

"अरे, डब्याला हे काय लावलंय? मला चहाबरोबर दोन बिस्किटं लागतात, ठाऊक आहे ना सगळ्यांना?"

"आई, हात लावू नका! पंचनामा व्हायचाय," काटेबाई आतून ओरडली.

"कसला पंचनामा? खून झालाय का बिस्किटांचा?"

सील जसंच्या तसं होतं. तारेला ओरखडा नव्हता. आकडा होता एकशे नऊ. काटेबाई डब्यासमोर उभी राहिली आणि मनातल्या मनात तिने अहवाल लिहिला: तपासणीचं ठिकाण स्वयंपाकघर, संशयित निरीक्षक स्वतः, गुन्हा सिद्ध नाही, सासू उपाशी. मग सील तोडून तिने दोन बिस्किटं बशीत काढली आणि सासूबाईंपुढे ठेवली.

"मी तुझ्यावर नाही गं रागावले," सासूबाई बिस्किट बुडवत म्हणाल्या. "पण घरात अशी कुलपं लावत नाहीत. आणि एवढं काय घेऊन बसलीस? डॉक्टर सुई देतील, घ्यायची."

इथेच तर गाडी अडत होती. सुईची तिला भीती नव्हती. दिवसातून चारदा ती स्वतःला टोचतच होती. पण इन्सुलिन लागणं म्हणजे दोन आठवड्यांची मुदत देऊनही काटा दुरुस्त न करणं. अशा दुकानदारांना ती काय काय बोलली होती, ते सगळं तिला शब्दन् शब्द पाठ होतं. "मुदत देऊनही सुधारणा नाही, म्हणजे इच्छाच नाही." हे तर तिचं खास वाक्य. कित्येकांना ऐकवलेलं, एकाला तर त्याच्या मुलीसमोर.

त्या आठवड्यात बाजारात फेरी होती. पूर्वी तिच्या धाडी अचानक पडत. आता सुकामेव्याच्या दुकानात ती पोहोचेपर्यंत मालक हात जोडून दारात उभा होता, काटा पुसलेला, ताटली चकचकीत.

"कुणी सांगितलं मी येतेय म्हणून?"

"कुणी कशाला सांगायला हवं बाई? तुमच्या आधी तुमचं पोट वळणावर दिसतं. आम्हाला दोन मिनिटं मिळतात."

"दोन मिनिटांत काटा खरा करता?"

"तपासणीच्या दिवशी कुणाचाही काटा खराच असतो की," तो हसत म्हणाला. "बाकीच्या दिवसांचं तुम्ही विचारू नका, आम्ही सांगत नाही."

नेहमीची काटेबाई यावर तासभर तिथेच ठाण मांडून बसली असती. पण त्या दिवशी ती दुकानातून निघाली ती वेगळाच विचार घेऊन. तिच्या स्वतःच्या तपासणीचा दिवस चार दिवसांवर होता.

त्या संध्याकाळी तिने रात्रीचं जेवण सोडलं. सासूबाईंना सांगितलं, ऑफिसात खाऊन आले. नवऱ्याला सांगितलं, जळजळतंय. एक ग्लास पाणी पिऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी आकडा ब्याण्णव.

"आई, तुमच्याशी बरोबरी!" ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. त्या असं काहीच म्हणाल्या नव्हत्या, पण आनंदात कोण मोजतं.

दुसऱ्या दिवशी ब्याण्णवच. तिसऱ्या दिवशी नव्वद. काटेबाईला वाटलं, एवढं सोपं होतं तर डॉक्टरांनी आधीच का नाही सांगितलं. डोकं दुखत होतं, तोंडाला कसलीतरी वेगळीच चव होती, जिना चढताना दिवे मंद झाल्यासारखे वाटत. याचा दोष तिने जिन्याला दिला.

तपासणीच्या आदल्या दुपारी ती पुन्हा त्याच सुकामेव्याच्या दुकानात गेली. पोट दिसू नये म्हणून या खेपेला मागच्या गल्लीतून. पेटीतली प्रमाण वजनं एकेक करून ताटलीत ठेवली. काटा एक किलोला आठशे ग्रॅम दाखवत होता. दोनशे ग्रॅमचा फरक! तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा होता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या नोकरीतला हा उच्चांक होता.

"सापडलात," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तो तिने संतापाच्या खात्यात टाकला. "दोन मिनिटं मिळाली नाहीत ना आज? दोनशे ग्रॅम! लाज नाही वाटत? मुदत देऊनही सुधारणा नाही, म्हणजे..."

मालक तिच्या जवळ सरकला. मग अगदी हळू, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "बाई, एक वजन तुमच्या हातात आहे."

तिने डावी मूठ उघडली. दोनशे ग्रॅमचं पितळी वजन तिच्या घामाने ओलं झालं होतं.

दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "बसा. काही खाल्लंय का?" त्याने मूठभर बदाम कागदावर ठेवले. ते घेणं म्हणजे लाच, हे तिला त्या अवस्थेतही आठवलं. बदाम न घेता ती स्टुलावर मात्र बसली, कारण पाय तिचं ऐकत नव्हते. कायद्यात स्टुलाबद्दल काही म्हटलेलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती आकडे सांगायला अधीर झाली होती. नवरा सोबत होता. शिकाऊ माणसाच्या हाती गाडी दिल्यावर बसतो तसा, खुर्चीच्या टोकावर. डॉक्टरांनी आकडे ऐकले, मान हलवली आणि लघवीचा नमुना मागितला. त्यात बुडवलेली पट्टी बघता बघता गर्द जांभळी झाली.

"रात्री काय जेवलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नेहमीचंच."

"काय नेहमीचं?"

काटेबाईने आयुष्यात हजारो दुकानदारांचे चेहरे या प्रश्नानंतर पाहिले होते. आपला आता नेमका कसा दिसत असेल याची तिला कल्पना आली. "पाणी," ती म्हणाली.

"किती दिवस?"

तिने सांगितलं. नवरा वळून तिच्याकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी पट्टी कचऱ्यात टाकली. "हे कीटोन आहेत. गरोदर बाई उपाशी राहिली की तिचं शरीर फार लवकर चरबी जाळायला घेतं, इतर कुणाहीपेक्षा लवकर. कारण साखर बाळासाठी राखायची असते. त्या जळण्यातून कीटोन तयार होतात. तेही बाळाकडे जातात, आणि ते आपल्याला नकोत. आकडा खाली आला, बरोबर. पण तुम्ही दुखणं बरं नाही केलंत, आकडा बरा केलात."

"मी सगळ्या दुकानदारांना हेच सांगते," ती पुटपुटली.

"मग एरवी सकाळी साखर येत होती कुठून?" नवऱ्याने विचारलं. "ही डब्याला सील ठोकून बसली होती."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "डब्याला नाही, लिव्हरला ठोकायला हवं होतं. रात्री लिव्हर स्वतः साखर बनवून रक्तात सोडतं. सगळ्यांचंच सोडतं. त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं. तुमचं आत्ता पुरत नाहीये, म्हणून लिव्हर मोकाट. यात तुमचा काही गुन्हा नाही हो. इच्छेचा तर प्रश्नच नाही."

इच्छा हा शब्द ऐकून काटेबाईने जमिनीकडे पाहिलं.

मग सोनोग्राफी झाली. पडद्यावर बाळाचा एक पाय कुठल्यातरी विचारात असल्यासारखा हलत होता. डॉक्टरांनी डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं, पोटाचा घेर मोजला आणि घेर पुन्हा एकदा मोजला. दुसऱ्यांदा मोजणं म्हणजे काय, हे काटेबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती जास्त आहे?"

"वरच्या रेषेला टेकलाय. रेषेपलीकडे आहे असं म्हणणार नाही. सोनोग्राफीच्या मापात थोडं इकडेतिकडे होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, तेव्हा कळेल वाढ कशी चाललीय. आजपासून झोपताना इन्सुलिन. आणि जेवायचं. झोपण्याआधीही काहीतरी खायचं."

"आणि माझं मशीन? त्यात चुकायची किती सूट असते?" तिने विचारलं. सवय जात नव्हती.

"पंधरा टक्के."

"पंधरा?" काटेबाई झोपल्या जागेवरून उठायला गेली आणि उलट्या कासवासारखी तिथेच राहिली. "शंभरला पंधरा? आख्ख्या बाजारात असा काटा सापडला तर मी दुकानाला टाळं लावीन! चार ग्रॅमसाठी मी लोकांना रडवलंय!"

"म्हणून तर एका आकड्यावर आम्ही काही ठरवत नाही," डॉक्टर पोटावरचं जेल पुसत म्हणाल्या. "रोजचे बघतो. तुम्ही खरे दिलेत तर."

परतताना गाडी नवऱ्याने चालवली. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "जळजळतंय म्हणालीस ना मला?"

"हो."

"मी रोज विचारत होतो, औषध आणू का."

"हो."

"यापुढे खोटं बोलायचं असेल तर बाजारात बोल. घरात नको." सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी त्याने गाडी हलवली नाही. "आणि मला टोचायचं असेल तर उठवून टोच."

"यापुढे आईंना टोचीन. त्यांना आवडतं."

तो हसला नाही, पण गाडी हलली.

घरी सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ताट वाढलं, समोर बसल्या आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठल्या नाहीत. नवऱ्याने इन्सुलिनचं पेन धरलं, तिने पोटाची कातडी चिमटीत धरली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि "झालं? झालं का?" असं झाल्यानंतरही विचारत राहिल्या. झोपताना त्यांनी स्वतःच्या डब्यातली दोन बिस्किटं तिच्या उशाशी आणून ठेवली. त्यांतलं एक तिने चावून चावून खाल्लं. ज्या मालावर आपण सील ठोकलं होतं तो आता औषध म्हणून खातोय, हे कोणत्या रकान्यात बसवावं ते तिला कळेना.

दुसऱ्या आठवड्यात ती सुकामेव्याच्या दुकानासमोरून गेली. मालक नेहमीसारखा दारात आला. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याच्या वजनाबद्दल नाही, तिच्या त्या खास वाक्याबद्दल. ऐन वेळी तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तुमचा काटा बरोबर होता."

"ठाऊक आहे बाई," तो म्हणाला. "तुमचं कसं आहे?"

"दुरुस्तीला आहे."

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने सुई टोचली, स्वतःला. रात्री ती पोटभर जेवली होती, इन्सुलिन घेतलं होतं, बिस्किट खाल्लं होतं. आकडा आला सत्त्याण्णव, पंचाण्णवच्या वरच. हात साबणाने धुऊन पुन्हा एक थेंब काढला असता तर कदाचित चौऱ्याण्णव आला असता, कदाचित शंभरही. पंधरा टक्क्यांत सगळंच बसत होतं. दुसरी पट्टी तिने अर्धी बाहेर काढलीही. मग ती परत डबीत सरकवली आणि डॉक्टरांना फोनवरून सत्त्याण्णव कळवलं.

उत्तर आलं: इन्सुलिन दोन युनिटनी वाढवा. बाळाचा घेर परवा पुन्हा मोजू.